पुढचं घर

इंदोरा, नागपूर
१० जुलै २०२५, आषाढ पौर्णिमा

चि. अंकित,

पाकिटावर तुझं नवं नाव घातलं आहे. नाहीतर विहारात पत्र कोणाच्या हाती द्यायचं ते पोस्टमनला कळणार नाही. आत मी जुनंच नाव लिहितो. ते आम्ही ठेवलेलं आहे.

तुम्हा नव्या श्रामणेरांचे फोन मोठ्या भन्तेंनी काढून घेतले आहेत, असं समजलं. म्हणून पत्र. शाळेत आयुष्यभर पत्रलेखन शिकवलं. वडिलांस पत्र, मित्रास पत्र, मुख्याध्यापकांस विनंती अर्ज. चीवर घेतलेल्या मुलास पत्र अभ्यासक्रमात नव्हतं. चुकलं तर समजून घे.

आज तुमचा वर्षावास सुरू झाला. आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूने गाव सोडायचं नाही. म्हणजे तोवर तू येणार नाहीस, हे मला कोणी सांगायची गरज नाही. आई पांढरं पातळ नेसून वस्तीतल्या विहारात वंदनेला गेली आहे. मी घरी आहे.

शिबिराला तुला मीच पाठवलं. बुद्धपौर्णिमेच्या सुमारास दहा दिवस डोकं भादरून, चीवर घालून राहायचं आणि मग घरी यायचं. वस्तीतली बहुतेक मुलं एकदा तरी जातात. मीही गेलो होतो. दहाव्या दिवशी चीवर उतरवलं आणि चौकात जाऊन समोसा खाल्ला. परीक्षेच्या अभ्यासाने तू चिडचिडा झाला होतास, म्हणून म्हटलं, जा, डोकं थंड होईल. शेवटच्या दिवशी सगळी पोरं शर्ट-पँट घालून बाहेर आली. तू आला नाहीस.

तुझ्या आईने त्या दिवशी तुझ्यासमोर तीनदा पंचांग प्रणाम केला. गुडघे, हात, कपाळ जमिनीला. तू तिच्याकडे पाहिलं नाहीस. पाहायचं नसतं, हे मला माहीत आहे. मी मागे राहिलो. माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता.

हे सगळं मी सहन करतो आहे. कोणाचा मुलगा पुण्याला जातो, कोणाचा परदेशात जातो, तसं समजतो. पण परवा बोरटोल्याहून प्रेमानंदकाकाचा फोन आला. फार खुशीत होता.

"दादा, आपला अंकित गावात फिरून राहिला ना! रोज सकाळी. पात्र घेऊन."

मी विचारलं, कोणत्या गल्लीत?

"सगळ्याच. आपल्या मोहल्ल्यातून निंगते, ते पार मालगुजाराच्या दारापर्यंत."

बोरटोला आपलं मूळ गाव आहे, हे तुला ठाऊक आहे. कुही तालुक्यात इतकी गावं असताना तुला तिथेच पाठवलं गेलं, की तू ते मागून घेतलंस? एवढं कळव.

धम्माचा अभ्यास कर. पाली शीक. चीवर घाल, मी काही म्हणत नाही. माझी एकच गोष्ट ऐक. त्या गावात हातात भांडं घेऊन दारोदार फिरू नकोस. विहारात लोक आणून देतील ते खा. बाकी तुझं तू ठरव.

आजी रोज संध्याकाळी विचारते, पोरगा जेवला का. मी सांगतो, दुपारी बारानंतर ते जेवत नाहीत. ती म्हणते, "मंग रात्री काय करते तो?"

तुझा,
बाबा


इंदोरा, नागपूर
९ ऑगस्ट २०२५, श्रावण पौर्णिमा

चि. अंकित,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. "गाव मी मागून घेतलं. भिक्खू मागत नाही, दाराशी उभा राहतो." खाली सही: तिस्स.

आईने कार्ड आजीला वाचून दाखवलं. आजी म्हणाली, "तिस्स? हे काय नाव होय? रेशनकार्डात काय लिवाचं मंग?" आणि पदर तोंडाला लावून हसत बसली. मग कार्ड मागून घेतलं आणि उशीखाली ठेवलं. तिला वाचता येत नाही, आणि आता दिसतही नाही.

उभं राहणं आणि मागणं यात फरक आहे, हे मला पुस्तकातून माहीत आहे. पिंडपाताचे नियम वस्तीतल्या मुलांना मीच शिकवत आलो. मुकाट चालायचं. हाक द्यायची नाही. ओळीने जायचं. श्रीमंताचं घर निवडायचं नाही आणि गरिबाचं वगळायचं नाही. पात्रात पडेल ते घ्यायचं. माझं भांडण नियमांशी नाही. गावाशी आहे.

आता तू मागून घेतलं म्हणतोस, म्हणून सांगतो. माझ्या आजोबांनी हे मला एकदाच सांगितलं होतं. मी तुला सांगितलं नाही, कारण तुला ते लागू नये असं वाटत होतं.

आजोबांकडे गावकीचं काम होतं. मेलेलं जनावर ओढायचं, सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवायचं, दवंडी द्यायची. त्याच्या बदल्यात घरोघरची शिळी भाकर. टोपलं घेऊन निघायचं, दारापासून लांब उभं राहायचं, "जोहार मायबाप" म्हणायचं आणि थांबायचं. आतून कोणी येईपर्यंत थांबायचं. न घेता निघून गेलं, तर तो त्या घराचा अपमान. दुसऱ्या दिवशी बोलावणं येई, आणि ते बोलावणं चांगलं नसे.

एकदा गावच्या जमीनदाराकडे, मालगुजाराकडे, लग्नाची गडबड होती. आजोबा दुपारी जाऊन उभे राहिले. लोक आत-बाहेर करत होते. गुरं रानातून परत आली तरी ते तिथेच होते. शेवटी एक बाई बाहेर आली आणि तिने लांबून भाकर टाकली. ती टोपल्यात पडली नाही. आजोबांनी ती उचलून घेतली.

मी तेव्हा लहान होतो. मी विचारलं, तुम्ही निघून का नाही आलात?

"निंगता येत नव्हतं, बापू," ते म्हणाले.

छप्पन साली ते बैलगाडीने नागपूरला आले. धोतर एकच होतं. ते पांढरं दिसावं म्हणून नाल्यावर धुतलं आणि ओलंच नेसून दीक्षा घेतली. परत गेल्यावर टोपलं मोडून चुलीत घातलं. त्या दिवशीचा भात टोपल्याच्या जाळावर शिजला, असं सांगायचे. मग गावाने काम बंद केलं, पाणी बंद केलं, आणि आजोबा इथे येऊन मिलमध्ये लागले. आपण नागपूरकर झालो ते असे.

आता तू सांग. त्याच गल्लीत, त्याच दारासमोर तू उभा राहतोस. तुझं भांडं काळं आणि गोल आहे, त्यांचं बांबूचं होतं. तू मागत नाहीस, हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. त्या घरात आज जे कोणी राहतात त्यांना काय दिसत असेल? ते म्हणत असतील, आले परत.

आजीला हे बोलून दाखवलं. ती तुझ्याच बाजूची.

"काहून रे रविंदर, माहा नातू चोऱ्या करून राहिला का?"

मी म्हटलं, "आई, तो उद्या आपल्या दारात आला तर मला माझ्याच पोराच्या पाया पडावं लागेल."

"मंग पड ना. तुही कंबर तर चांगली हाय. मले दिसत नाही, पण पाया पडाले डोये कायले पायजे?"

तुझ्या आईचं म्हणणं असं की, 'बाबा, एकदा येऊन पाहा' हे तू कार्डावर लिहिलं नाहीस, पण कार्डाचा अर्थ तोच आहे. तिला तुझ्या कार्डात लिहिलं नसलेलं बरंच काही वाचता येतं.

मी येणार नाही.

तुझा,
बाबा


इंदोरा, नागपूर
८ सप्टेंबर २०२५

चि. अंकित,

काल सकाळी मी बोरटोल्यात होतो.

घरी सांगितलं की प्रेमानंदची तब्येत पाहून येतो. प्रेमानंदची तब्येत उत्तम आहे. आदल्या दिवशी कुहीपर्यंत बस, पुढे ऑटो. ऑटोत माझ्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान चांगलं उभं आहे. विहार बाहेरून पाहिला. लहान आहे. चुना नवा दिसला. दोरीवर चीवरं वाळत होती. त्यातलं तुझं कोणतं, ते ओळखता येत नव्हतं.

तुला न भेटता परत जायचं, असं ठरवूनच आलो होतो. लांबून पाहायचं, म्हणजे पुढच्या पत्रात जे लिहायचं ते पाहून लिहिता येईल.

सकाळी प्रेमानंदच्या बायकोने, मीराबाईने, भात रांधून दारात पाट मांडला होता. पाटावर पातेलं. स्वतः आंघोळ करून अनवाणी उभी. मी ओट्यावर खुर्ची घेऊन बसलो होतो.

"भाऊजी, उठा जी. चप्पल काढा. भन्ते येऊन राहिले."

"मीराबाई, मी त्याचा बाप आहे."

"असान. चप्पल काढा."

प्रेमानंद आतून म्हणाला, "दादा, तिच्याशी वाद नोको घालू. मले तर ती रोज आंघोळ करून उभं करते." मी चपला काढून हातात घेतल्या आणि घरात गेलो. दाराच्या पडद्याआडून पाहिलं.

तू बारीक झाला आहेस. खांदा उघडा होता, त्यावर लहानपणी पडलास तेव्हाचा व्रण आहे, तो दिसला. तू थांबलास. मीराबाईने भात घातला, वाकली. तू ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणालास आणि पुढे गेलास. सगळं इतक्या लवकर झालं की मी काय पाहिलं ते मला नीट कळलं नाही. म्हणून मी मागच्या दाराने निघालो आणि लांबून तुझ्या मागे आलो.

आपल्या मोहल्ल्यातलं एकही घर सुटलं नाही. एका दाराला कुलूप होतं. तू तिथेही क्षणभर थांबलास. मग मोठी गल्ली. पहिल्या दारात एक म्हातारा, डोक्यावर टोपी, कुणब्याचा असावा, वाटीत काहीतरी घेऊन आधीच उभा होता. तुला म्हणाला, "आज लेट झाले जी, भन्तेजी. माहा चहा थंडा झाला." मला वाटतं तू हसलास. पाठमोरा होतास, खात्रीने सांगता येत नाही.

मग ते दार.

दार आता लोखंडी आहे. बाजूला मोटरसायकल होती. मी गल्लीच्या वळणावर होतो. तू उभा राहिलास. पात्र दोन्ही हातांत, नजर पायांपुढे. आत टीव्ही चालू होता, बातम्या. खिडकीचा पडदा सरकला. कोणीतरी पाहिलं. पडदा पुन्हा सरकला. कोणी बाहेर आलं नाही.

मला वाटलं, हा आता उभाच राहणार. दुपार होईल. गुरं येतील.

आणि तू निघालास.

मान वर केली नाहीस. पाय आपटला नाहीस. मागे वळून पाहिलं नाहीस. थोडा वेळ थांबायचं होतं तेवढं थांबलास, आणि निघालास. पुढचं घर एका शिंप्याचं होतं, दारात मशीन. तिथे जाऊन तसाच उभा राहिलास.

मी चालत त्या लोखंडी दारापर्यंत आलो. का आलो ते माहीत नाही. तिथे आल्यावर मला दिसलं की मी अनवाणी आहे आणि चपला माझ्या हातात आहेत. मीराबाईने काढायला लावल्या, त्या घालायच्या राहूनच गेल्या होत्या. तुझ्यामागे सगळी गल्ली मी तसाच चाललो होतो.

माझ्या आजोबांना या दारासमोरून चपला हातात घेऊन जावं लागे.

मी चपला खाली टाकल्या. चांगला आवाज झाला. एक बाई बाहेर आली, तरुण होती, हाताला कणीक. म्हणाली, "कोण पायजे जी?"

मी म्हटलं, "कोणी नाही."

"बसता का? पाणी देऊ?"

"नाही. चाललो."

चपला घातल्या आणि निघालो.

नंतर प्रेमानंद मला समजावत होता. त्या घरची म्हातारी असली की वरण-भात घेऊन बाहेर येते, भन्तेच्या पाया पडते, नसली की सुना लाजतात, वगैरे. मी म्हटलं, ते मला सांगू नकोस. म्हातारी आज वाकली म्हणून त्या दिवशीची भाकर टोपल्यात पडत नाही. मी तिचं वाकणं पाहायला आलो नव्हतो, आणि मला ते पुरणारही नाही.

तुझं निघणं मी पाहिलं.

प्रेमानंद म्हणतो, "त्यानं पायलं तुमाले. वळणावर." तू पाहिलंस का? कळवू नकोस.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला नव्हता. चप्पल नवीच होती.

बाबा


इंदोरा, नागपूर
३ ऑक्टोबर २०२५

चि. अंकित,

काल विजयादशमी झाली. या वर्षी तू पहिल्यांदाच नव्हतास. दीक्षाभूमीकडे जाणारे सगळे रस्ते परवापासूनच भरले होते. आईला गर्दीत स्तूपापर्यंत जाता आलं नाही. तिने रस्त्यावरूनच घुमटाकडे पाहून हात जोडले आणि परत येऊन भाजी चिरायला बसली. वस्तीचं भोजनदान याही वर्षी त्याच चौकात होतं. मांडव, मोठी पातेली, मसाला भात, बुंदी.

आपला नियम तुला माहीत आहे. दुसरे रांगेत उभं करून हातावर देतात. आपण देत नाही. माझ्या वडिलांनी घालून दिलं आहे: दीक्षाभूमीवर आलेला माणूस पाहुणा आहे, त्याने हात पसरायचा नाही. सतरंजीवर बसवायचं, पत्रावळ मांडायची, वाकून वाढायचं. गर्दी तुंबते, पोरं कुरकुर करतात, पण मी बदलू दिलं नाही. का, ते आता तुला कळलं असेल.

दुपारी एक बाई आली. वाशीमकडची, माझ्या वयाची, पांढरं पातळ, गळ्यात निळा रुमाल, काखेत बाबासाहेबांची घेतलेली तसबीर. डब्याचं झाकण पुढे केलं.

"टाका, भाऊ."

"बाई, पंगतीत बसा. वाढतो."

"बसाले टाइम कुठी हाय? आमची गाडी सुटून राहिली."

"आम्ही असं हातावर देत नाही."

"काहून?"

मी तिला सांगू लागलो. मान, पाहुणा, हात पसरणं. माझं बोलणं तू ऐकलेलं आहेस, लांबतं. तिने ऐकून घेतलं. मागे रांग वाढत होती.

मग म्हणाली, "बाबासायबानं आपल्याले उभं केलं, अन् तुमी कवाचे बसवूनच राहिले! टाका ना गा भात, भूक लागून राहिली."

पोरं हसली. रांग हसली. मुकुंद वाढपी तर बादली खाली ठेवून हसला. मी झाकणात भात घातला. तिने तिथेच, तसबीर काखेत धरून, उभ्याने खाल्ला. संपला तेव्हा झाकण पुन्हा पुढे केलं.

"अजून टाका. चांगला झाला."

मागितलं आणि घेतलं. पाणी प्यायली, जयभीम म्हणाली आणि गर्दीत गेली. मी तिच्याकडे पाहत होतो. मागताना तिच्यातलं काही कमी झालेलं मला दिसलं नाही. नंतर आणखी काही जणांनी उभ्याने मागितलं. मी दिलं. बाकीच्यांना सतरंजीवर बसवलं. दोन्ही चालू राहिलं. संध्याकाळी मुकुंद म्हणाला, "सर, तुमाले बरं नाही का?"

दुसरी गोष्ट. वस्तीच्या विहार कमिटीने १२ तारखेला, रविवारी, चीवरदान ठरवलं आहे. वर्षावास संपवून कुही, सावनेर, कामठीकडचे भिक्खू येतील. आधी सकाळी पिंडपात, आपल्या गल्लीतून. तुझ्या भन्तेंनाही निमंत्रण जाईल आणि त्यांच्यासोबत तुम्ही सगळे याल. निमंत्रणं लिहायचं काम कमिटीने माझ्यावर टाकलं. माझं अक्षर चांगलं आहे म्हणे. माझं अक्षर चाळीस वर्षं चांगलं होतं, तेव्हा कोणी हे काम दिलं नाही. यात तुझ्या आईचा हात आहे.

तिने चीवराचं कापड आणलं. दुकानात माप विचारलं तेव्हा तिने तुझी उंची सांगितली, छाती सांगितली. दुकानदार म्हणाला, ताई, चीवराला छाती नसते. घरी येऊन हे तिने हसत सांगितलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

आजीची तालीम चालू आहे. तिला दारात खुर्चीवर बसवायचं, आणि तू आलास की मी तिच्या हाताला धरून चमचा पात्राशी न्यायचा, असं तिने ठरवून टाकलं आहे. मी म्हटलं, तुझी सून प्रेमलता नेईल. "नाही," म्हणाली, "तूच नेशीन."

मी हो म्हटलेलं नाही. लोकांना वाटतं मी तुझ्यावर रागावलो आहे. मी रागावलेला नाही. भात घातला, तर तू परत येणार नाहीस, हे मी माझ्या हाताने कबूल केल्यासारखं होईल. इतके दिवस मी टोपल्याबद्दल लिहीत होतो, ते खरंच होतं. पण त्याच्या मागे हेही होतं.

मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाबा


इंदोरा, नागपूर
६ ऑक्टोबर २०२५, आश्विन पौर्णिमा

भन्ते तिस्स,

सविनय वंदन.

वर्षावास निर्विघ्न पार पडल्याबद्दल आमच्या कुटुंबाला आनंद आहे. कमिटीचं निमंत्रण आपल्या गुरूंच्या नावे वेगळं पाठवलं आहे. हे आमच्या घरचं.

रविवारी, १२ ऑक्टोबरला सकाळी, आपण पिंडपातासाठी आमच्या गल्लीत याल. वस्तीतल्या विहारापासून निघाल्यावर उजव्या हाताला निळ्या फाटकाचं घर आहे. आपण ते ओळखता. फाटकाची कडी अजून तशीच अडते, म्हणून ते आधीच उघडून ठेवू. गल्लीत खडी टाकली आहे, पाय जपून टाकावेत.

दारात श्रीमती अंजनाबाई खुर्चीवर असतील. त्यांना दिसत नाही, म्हणून पात्र थोडं खाली धरावं. त्या काही बोलल्या, आणि त्या बोलतील, तर हसू आलं तरी चालेल. सौ. प्रेमलता त्यांच्या बाजूला असतील. त्यांचं वंदन होईपर्यंत कृपया थांबावं. त्यांना वेळ लागतो, गुडघा दुखतो. आपल्याला त्यांनी ते कळवलं नसेल.

भात चिन्नोर तांदळाचा आहे. अंकितला आवडायचा.

अंजनाबाईंच्या हाताला धरण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. मी चपला काढून ठेवीन. एवढं निश्चित झालं आहे. त्यापुढचं त्या वेळी होईल तसं होईल. कदाचित मी दारात असेन. कदाचित पडद्याआड असेन, जसा मीराबाईच्या घरी होतो.

तसं झालं, तर आपण आपला नियम मोडू नये. कोणाला हाक देऊ नये, आत पाहू नये. थांबायचं तेवढं थांबावं. आणि मी बाहेर आलो नाही, तर निघावं. पुढचं घर आहे, तिथे जावं.

आपल्याला निघता येतं, हे मी पाहिलं आहे.

आपला,
रवींद्र